पोलिसांच्या बॅरिकेडवर जुगार

ती गोष्ट अजून आठवते, आणि आठवली की पहिलं मला माझंच हसू येतं. मी सातवी पास, ती बी गुरुजींनी डोळे मिटले म्हणून. भरती झालो उंचीवर आणि पळण्यावर. डोकं कुणी तपासलं न्हाई, म्हणून वाचलो. ढकलत ढकलत सहायक फौजदार झालो आणि चाकणच्या बाजूच्या एका ठाण्यात शेवटची वर्षं काढत होतो.

आमच्या खात्यात एक रीत हाय. रस्त्यावरची बॅरिकेडं बऱ्याचदा कुणीतरी देणगी म्हणून देतं. दवाखानेवाला, सराफ, बिल्डर. बदल्यात त्यावर त्याचं नाव. गणपतीच्या आधी मोठे साहेब म्हणले, वीस बॅरिकेडं कमी पडतायत, बघा कुणी देतंय का. हे काम माझ्याकडं, कारण मला मागायची लाज वाटत न्हाई.

आठ दिवसांत एक गृहस्थ आला. वाकडचा, तिशीचा, कडक इस्त्री. बोलताना मला तीनदा 'सर' म्हणला. मला जन्मात कुणी सर म्हणलं नव्हतं. वीस मागितली, त्यानं तीस दिली, चाकं लावलेली. वर ठळक लिहिलेलं, 'घरबसल्या खेळा, रोज जिंका', आणि शेजारी मोबाईलनं स्कॅन करायचा चौकोन. मला वाटलं, कबड्डीसारखं काहीतरी असंल, तब्येतीला बरं. घरबसल्या कबड्डी कशी खेळणार, हा प्रश्न मला पडलाच न्हाई. मी नारळ फोडला, पेढे वाटले आणि कंपन्यांच्या बस थांबतात त्या चौकात दहा बॅरिकेडं ओळीनं लावली.

महिन्याभरानं एका बुधवारी एक बाई ठाण्यात आली. नांदेडकडची, नवरा कंपनीत प्रेस मशीनवर. तक्रार काय म्हणून विचारलं तर म्हणाली, तक्रार न्हाई, एक विचारायचंय.

"साहेब, हा खेळ सरकारी हाय का हो?"

कुठला खेळ म्हणलं, तर तिनं खिडकीतून बाहेर उभ्या बॅरिकेडकडं बोट केलं.

"आमचे मालक म्हणायलेत, पोलिसांच्या पाटीवर हाय, मग खोटं कसं असंल. लेकीच्या नर्सिंगच्या फीचे पैसे त्यात घातले. शनिवारी शेवटची तारीख हाय. तुमी ठेवून घेतले असतील तर फीपुरते द्या. वरचे न्हाई मागत."

चोराच्या मागं पळून मला घाम फुटलाय, पण असा न्हाई. कारण एक गोष्ट ठाण्यात कुणालाच ठाऊक नव्हती. पहिल्याच आठवड्यात मी स्वतः तो चौकोन स्कॅन केला होता. तपास म्हणून! पहिल्या डावात दोनशे रुपये जिंकलो आणि अख्ख्या ठाण्याला चहा पाजला. नंतर माझ्या मोटारसायकलच्या टायरचे पैसे गेले. गुळगुळीत टायरवर फिरत होतो आणि बायकोला सांगत होतो, नवा टायर कंपनीतून यायचाय.

मनात आलं, बॅरिकेडं गुपचूप गोदामात टाकावी आणि गप बसावं. पण बाई बाकड्यावर बसून माझ्याकडंच बघत होती. उठलो आणि साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सगळं ओकून टाकलं.

साहेबांनी चष्मा काढला. "तुम्ही स्वतः खेळलात?"

"व्हय साहेब."

"किती वेळा?"

"जबाबात लिहायचं असंल तर मोजावं लागंल."

साहेब हसले न्हाईत. म्हणले, फोन द्या. माझ्या फोनातल्या पावत्या बघितल्या तर पैसे कुठल्या कंपनीला गेलेच नव्हते. गेले होते इथल्याच एका कामगाराच्या खात्यात. बाईच्या नवऱ्याला शिफ्टवरून बोलावलं, त्याच्या पावत्या बघितल्या, तर तेच खातं. त्या कामगाराला गाठलं. बिचारा म्हणला, खातं भाड्यानं दिलंय, महिन्याला तीन हजार मिळतात. सायबर शाखेनं संध्याकाळच्या आत खातं गोठवलं. साहेब मला म्हणले, "तुमचा मूर्खपणा हाच आपला पहिला पुरावा." जबाबात साक्षीदार नंबर एक म्हणून माझंच नाव लागलं.

आता राहिला तो कडक इस्त्रीचा देणगीदार. मी फोन लावला, सर, अजून दहा बॅरिकेडं पाहिजेत. दुसऱ्या दिवशी आपल्या पायानं आला, नमुना टेम्पोत घालून. चौकशीत माझी पद्धत एकच, आवाज चढवायचा न्हाई, बावळट दिसायचं. मला त्यासाठी वेगळे कष्ट पडत न्हाईत.

तो म्हणला, "सर, आम्ही फक्त जाहिरात करतो. सगळं नियमात आहे. खाली सूचना पण लिहिलीय."

मी चष्मा घेऊन बाहेर गेलो. सूचना सापडंना. शेवटी रस्त्यावर पोटावर आडवा झालो. तिथं चाकाच्या वर मुंगीएवढ्या अक्षरात सापडलं, 'या खेळाची सवय लागू शकते. जबाबदारीने खेळा.' एक रिक्षावाला थांबून म्हणला, मामा, चक्कर आली का, पाणी देऊ?

वर्दीची धूळ झटकत आत आलो. म्हणलं, "सूचना वाचली. ही काय कुत्र्यांसाठी लिहिलीय का?"

तो मोकळेपणी हसला. माणूस हसला की सैल पडतो, हे मी नोकरीत पाहिलंय. तेवढ्यात त्याच्यापुढं पावती ठेवली.

"मग पैसे भाड्याच्या खात्यात जातात, ते बी नियमातच का?"

"हे पेमेंट कुणाचं आहे?"

"माझं."

त्याचं हसू गेलं. चहा थंड होईस्तोवर त्यानं चऱ्होलीतला फ्लॅट सांगितला. पंच घेऊन गेलो, तर चार माणसं आणि चपलेच्या खोक्यात भरलेली लोकांची एटीएम कार्डं. पंचनामा करताना माझा हात दुखला, पण आनंदानं.

तरी बाईचा शनिवार तसाच उभा होता. गोठवलेले पैसे कोर्टाच्या आदेशाशिवाय सुटत न्हाईत. साहेब म्हणले, कॉलेजला पत्र द्या, आणि ते तुम्हीच लिहा. मी लिहिलं, 'वडिलांनी फी जुगारात घालवली. पण खेळ खरा वाटला तो मी लावलेल्या बॅरिकेडमुळं. चूक माझी आहे. पैसे सुटेपर्यंत मुलीची जागा ठेवावी.' शिक्का मारला आणि बाईच्या हातात दिलं.

साहेबांचं म्हणणं होतं, जाहिरातीवर बंदी कशाला, नियम करा, सूचना मोठ्या अक्षरात लिहायला लावा. ते शिकलेले. मी म्हणलं, साहेब, माणूस अक्षरं वाचत न्हाई, ती कशावर लिहिलीत ते बघतो. पोलिसांचं लोखंड म्हणजे खरं. सूचना बॅरिकेडएवढी केली तरी तो म्हणणार, पोलिसांनी उभं केलंय, मग काय भ्यायचं. म्हणून माझं मत बंदीचंच, आणि माझ्यासारख्या शहाण्याचं उदाहरण समोर असताना दुसरं मत कसं असंल? आता म्हणे तशी बंदी आलीय. पण नावं बदलून येणारे येतातच, आणि त्यांना हसून दार उघडणारे माझ्यासारखे बी असतात.

शिक्षा म्हणून तीसच्या तीस बॅरिकेडं मीच रंगवायची ठरली. शनिवारी दुपारी भर चौकात बॅरिकेडं आडवी टाकून डबा घेऊन बसलो. पहिली शिफ्ट सुटली, बसमधून पोरं ओरडली, मामा, घराला बी मारून द्या. बाईचा नवरा बसमधून उतरला आणि दुसरा ब्रश उचलून माझ्या शेजारी बसला. त्यानं पहिलं काय पुसलं असंल, तर 'रोज जिंका'.

तवाच माझा फोन वाजला. कॉलेजच्या प्राचार्या होत्या. म्हणाल्या, "चूक माझी आहे असं पोलिसांनी लिहून दिलेलं पत्र आम्ही कधी बघितलं नाही. खोटं वाटलं, म्हणून फोन केला."

"खरं हाय मॅडम. सही बी माझीच."

"मग मुलीला सोमवारी वर्गात पाठवा. फी येईल तेव्हा येईल."

मी म्हणलं, पुन्हा सांगा मॅडम, आणि फोन मुलीच्या बापाच्या कानाला लावला. त्यानं ऐकलं, आणि तो तिथंच चौकात माझ्या पाया पडायला वाकला. मी मागं सरकलो, आणि अख्खा रंगाचा डबा घेऊन बसलो तो थेट ओल्या बॅरिकेडवर.