महोगनीला लागलेली कीड

माझे काका लिफ्ट दुरुस्त करायचे. दिवसभर लिफ्टच्या अंधाऱ्या खड्ड्यात काम, आणि घरी आल्यावर रॉकेलने ग्रीस धुऊन थेट कॅमेऱ्यांपाशी. कॅमेरे व्हिक्टोरिया राणीच्या काळातले: महोगनीची पेटी, पितळी भिंग, चामड्याचा भाता, मागून काचेची प्लेट सरकवायची. मूलबाळ नव्हतं. बाहेरची खोली या पेट्यांनी भरली होती. पाहुणा आला की काकू म्हणायची, "बसा, पण कुठे ते यांना विचारा."

कुरकुर केली तरी पुसायचं काम तिचंच. काकांचा हात जड, म्हणून भात्याच्या घड्या तीच दाढीच्या जुन्या ब्रशने साफ करायची.

एका फोटोग्राफरच्या बायकोने, नवरा वारल्यावर घर रिकामं करताना, काकांना एक मोठा कॅमेरा नुसताच देऊन टाकला. इतका देखणा नग त्यांच्याकडे नव्हता. काकूने तो उलटा करून पाहिला. तळाला टाचणीने टोचल्यासारखी भोकं होती.

"याला कीड आहे. गच्चीवर ठेवा काही दिवस."

"जुनी भोकं आहेत गं. आतली कीड कधीच मेली."

"मग हा भुसा कसला?"

"वाटेत आदळआपट झाली असेल."

आणि त्यांनी तो बरोबर मधल्या फळीवर मांडला. त्यानंतर काकू रोज त्याच्याखालचा भुसा झाडून काढायची.

मग तिला अर्धांगवायूचा झटका आला. आधी इस्पितळ, नंतर आमच्याकडे लांबलेला मुक्काम. काकांनी नोकरी सोडली. त्यांचं घर वर्षभर बंद राहिलं. काकूची जीभ जड झाली होती, तरी "घर, घर" एवढं म्हणत राहायची. शेवटी आम्ही तिला नेलं आणि तिच्या पलंगावर निजवलं.

काकांनी बाहेरच्या खोलीची खिडकी उघडली. प्रत्येक कॅमेऱ्याखाली पिठासारखा पिवळट ढीग होता. त्यांनी एक उचलला, तर तळ फळीवरच राहिला.

"तिला सांगू नकोस," ते मला हळूच म्हणाले.

आम्ही कपाट ठोकून पाहिलं, टेबल पाहिलं. पलंग तपासायचं कुणालाच सुचलं नाही.

एके सकाळी काका तिला कुशीवर वळवत होते, तेव्हा पलंगाचा पाय मोडला. काकू खाली आली. खुब्याचं हाड गेलं. ऑपरेशन झालं, पण छातीत कफ साठत गेला, आणि त्यातच ती गेली.

जुन्या वस्तूंचा एक व्यापारी भेटायला आला. काकांना म्हणाला, "भिंगं शाबूत आहेत. काही पेट्याही औषध मारून वाचतील."

"एकही वाचवायची नाही," काका म्हणाले.

आम्ही सगळे कॅमेरे मागच्या अंगणात नेऊन भिंगांसकट पेटवले. काचा तडकत होत्या. मोठा कॅमेरा काकांनी स्वतः आणला, उलटा करून तळाकडे बघत उभे राहिले.

"तिला दिसत होतं," ते म्हणाले. "मलाही दिसत होतं."

मग तोही आगीत ठेवला.

मी त्यांना आमच्याकडे चला म्हटलं, पण ते आले नाहीत. त्याच घरात लोखंडी खाट आणून राहतात. मी गेलो की चहा करतात, लिफ्टमध्ये अडकलेल्या लोकांच्या गमती सांगतात. काकूचा विषय निघाला की उठून आत जातात, आणि मी निघेपर्यंत बाहेर येत नाहीत.