पेन्सिलीने लिहिलेला भाव

काल नवं पातेलं घेतलं. कोपऱ्यावरच्या भांडीवाल्या नानांनी मशीनने त्यावर आईचं नाव कोरून दिलं. किमतीची चिठ्ठी मात्र पेन्सिलीने लिहिलेली, तीही दोनदा खोडलेली.

"पेनाने का नाही लिहीत?"

"सरकारचा कर कधी वर, कधी खाली. टीव्हीवर म्हणतात, धंद्याला बरे दिवस आलेत. आले असतील, आमच्या गल्लीत पोचायचेत."

पिढ्यान्‌पिढ्या टिकणारी नावं कोरणारा हा माणूस उद्याचा भाव शाईने लिहायला धजत नाही. मला रागच आला. कोणाचा, ते कळेना.

निघताना दुकानाची पाटी दिसली. नानांच्या नावापुढे मुलाच्या नावासाठी सोडलेली जागा अजून कोरीच होती.

"नाव कधी घालताय?"

नाना मशीन पुसत राहिले. "थांबलोय जरा."