सिंधूने न पेरलेला वाफा

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे रिकाम्या वाफ्याला पाणी घालणं. त्यात एक दाणा पेरलेला नव्हता. मी कळशा आणत होतो, माझी बायको सिंधू हाताने शिंपत होती.

“गवताला पाणी घालणारी बाई जगात तूच एक.”

“अवो, लपलंय ते वर येऊ दे की. मंग एकदमच खरवडते.”

अशीच होती ती. भाताच्या रोपासाठी पालापाचोळा नि शेण जाळून राब भाजतात, तसा ती परसातला माठाच्या भाजीचा वाफाही भाजायची. धूर शेजाऱ्यांच्या कपड्यांना, बोलणी मला. एवढं करून लगेच पेरेल तर शपथ! उरलंसुरलं गवत उगवू द्यायची, मग खुरपं वरवर फिरवायची. माझं जरा खोल गेलं की ओरडायची, “खालचं बी वर काढू नका.” शेजारी माठ खात असायचे तेव्हा आमचा वाफा बोडका. पण पेरल्यावर मात्र त्यात गवताची काडी दिसायची नाही...

दुसऱ्या दिवशी तिच्या छातीत कळ आली. बोर्लीच्या दवाखान्यात नेईपर्यंत संपलं.

तिचं दिवसकार्य आटपेपर्यंत वाफा हिरवागार झाला. कोवळं असतं तोवर सगळं सारखंच दिसतं. पनवेलहून आलेल्या आमच्या लेकीने, सुनंदाने, ते बघून हंबरडाच फोडला. “आबा, आईने जाता जाता माठ पेरला होता वो!”

“अगं, गवत हाय ते.”

“तुम्हाला काय कळतंय? हात नका लावू.”

मग रोज पाणी. पाहुण्यांना मोबाईलवर फोटो. रडणाऱ्या पोरीशी गवतावरून भांडायचं कसं? पण त्याला तुरे धरू लागले. बी झडलं असतं तर सिंधूची सगळी मेहनत फुकट. जिने वाफ्यात गवत टिकू दिलं नाही, तिची आठवण म्हणून गवत! संध्याकाळी सांगून टाकलं, “उद्या काढतो.” सुनंदा तडक आत गेली.

सकाळी खुरपं घेऊन बसलो. वरवर फिरवलं, सगळं खरवडून बाहेर फेकलं आणि माठाचं बी मुठीत घेतलं. खसखशीएवढं बी, पेरायचं कसं ते ठाऊक नाही. पेरणी तिची असायची.

दारातून आवाज आला, “तसं न्हाय आबा. राखेत कालवून टाकायचं. आई तसंच करायची.”

एवढं ठाऊक होतं, तर गवत ओळखता येत नव्हतं व्हय? ओठांवर आलं होतं... पण ती पदर खोचून वाफ्याशी बसली होती. मी राख आणायला आत गेलो.