बातमीतली विहीर

माझं माहेर कोपरगावकडचं, पाटाच्या पाण्याचं. लग्न होऊन मी जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, माळावरच्या गावात आले, ती नेमकी मोठ्या दुष्काळाच्या तोंडावर. मी सातवी पास, म्हणून सासरी माझ्याकडे एक जादा काम आलं. नगरहून एसटीनं येणारं साप्ताहिक सासूबाईंना वाचून दाखवायचं. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण मंत्रिमंडळात कोण आलं, कोण गेलं, हे त्या सोयरीक जमवायची असल्यासारखं खोदून खोदून विचारायच्या. विश्वास मात्र फक्त निधनवार्तांवर.

"मंत्री काय म्हनला?"

"राज्यात कुनी उपाशी ऱ्हानार न्हाई, म्हनले."

"कुठं म्हनला?"

"मुंबईत. कुनीतरी त्यांना जेवान दिलं हुतं, तिथं."

"मंग बरोबर हाय. तिथं कोन उपाशी आसंल?"

एका दुपारी आत्याबाई रेशनची लाल मिलो ज्वारी निवडत होत्या आणि मी वाचत होते. पानाच्या कोपऱ्यात आमच्याच गावाचं नाव दिसलं. 'सभापतींच्या अथक प्रयत्नांना यश. गावच्या विहिरीला मुबलक पाणी. ग्रामस्थांत आनंदाचे वातावरण.' विहिरीचं काम दुष्काळी योजनेतून खरंच झालं होतं. फक्त खाली काळा खडक लागला होता, पाणी नव्हतं. हे लिहिणारा वार्ताहर पंचायत समितीच्या ह्या सभापतींच्याच जीपमधून तालुकाभर हिंडायचा. आमच्या गावापाशी तेवढा तो खाली उतरला नसावा.

आत्याबाईंनी बातमी पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाल्या, "आपन आनंदात हाय, आन् मला ठावंच न्हाई!"

दोन दिवस सगळी आळी हसली. मग गावाला पाणी आणणारा सरकारी टँकर यायचा बंद झाला.

वाट बघून आम्ही आठ-दहा बायका तालुक्याच्या कचेरीत गेलो. तिथल्या साहेबांनी आमचं शांतपणे ऐकून घेतलं आणि टेबलाच्या खणातून तोच अंक काढला.

"तुमच्या गावाला पाणी लागलंय, बाई. छापून आलंय."

"साहेब, आमी त्याच गावात ऱ्हातो."

"ते खरं हो. पण माझ्याकडं कागद हा आहे."

येताना एसटीतून गाव दिसलं तेव्हा आत्याबाई एकदम म्हणाल्या, "सभापतीचा सत्कार करू."

मला वाटलं, उन्हानं त्यांचं डोकं फिरलं. पण सरपंचांना कल्पना फार आवडली. त्यांनी लगेच निरोप धाडला, आणि हाराचं बोलावणं सभापती कधी मोडत नसत. ठरल्या दिवशी जीप आली. वार्ताहर होता, शिवाय नगरचा फोटोवाला. आम्ही बायका विहिरीपाशी ओवाळणीची ताटं घेऊन उभ्या. सभापती उतरले, हात जोडले.

आत्याबाई पदर सावरत पुढं झाल्या. "साहेब, उन्हाचं आलात. आदी पाय धुवा, मंग ओवाळते."

सभापतींनी इकडंतिकडं पाहिलं. "पाणी कुठाय?"

"ह्यात." त्यांनी पोहरा आणि दोर सभापतींच्या हातात दिला. "तुमीच आनलंय पानी. पैला पोहरा तुमच्याच हातचा निघू द्या."

फोटोवाला कॅमेरा सरसावून बसला होता. सभापतींचा नाइलाज झाला. वाकून त्यांनी दोर सोडला. दोर जात राहिला, जात राहिला, आणि खालून खण्णकन आवाज आला. सभापतींनी आणखी दोर सोडला, हलवून पाहिला, मग ओढून घेतला. पोहऱ्यात चिमूटभर दगडाची कपची आली.

सरपंच आभाळाकडं बघू लागले. मला हसू आवरेना, म्हणून मी पदर तोंडात कोंबला. आत्याबाईंनी मात्र गंभीरपणे टिळा लावला, ओवाळलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "टँकर कवा येनार?"

"उद्या. उद्याच येईल, मावशी."

"छापू नका म्हंजे झालं. नुस्ता धाडा."

दुसऱ्या दिवशी टँकर खरंच आला. पुढच्या अंकात पहिल्याच पानावर फोटो होता. सभापती विहिरीवर वाकून दोर ओढताहेत. वर ठळक अक्षरांत, 'सभापतींनी स्वतः शेंदले पाणी'. खाली लिहिलं होतं, 'हे दृश्य पाहून एका भगिनीला आनंदाश्रू आवरेनात'. ती भगिनी म्हणजे मी. पदर तोंडाशी धरलेली मी चांगली ओळखू येत होते. त्याखाली आणखी एक ओळ होती, की सभापतींच्या अथक प्रयत्नांमुळे गावाला टँकर सुरू झाला.

विहिरीला मुबलक पाणी असताना टँकर कशाला, हे कुणी विचारलं नाही. कचेरीतल्या साहेबांनीही नाही. त्यांना नवा कागद मिळाला होता.

आत्याबाईंनी अंक हातात घेऊन फोटो बराच वेळ निरखला. "पोहरा आपलाच हाय," त्या म्हणाल्या. "तेवढं खरं छापलंय."

तेवढ्यात वेशीकडून टँकरचा हॉर्न ऐकू आला. पेपर तिथंच टाकून आम्ही दोघी हंडे घेऊन पळालो.