पास्टरबाईंची सही

उमरग्याच्या ज्या दवाखान्यात मी नर्स आहे, तिथं पास्टरबाई नेहमी नवऱ्यासोबत, म्हणजे चर्चच्या पास्टरांसोबतच यायच्या. मी काही विचारलं की त्या आधी नवऱ्याकडं बघायच्या. जेवण, झोप, दुखणं, सगळं तेच सांगायचे. "आमच्यात बाई नवऱ्याच्या आज्ञेत राहती, सिस्टर," ते हसून म्हणायचे. मला त्या हसण्याची भीती वाटायची.

गर्भाशयातल्या गाठीमुळं बाईंचं रक्त जायचं थांबेना, तेव्हा डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं.

"न्हाय," पास्टर म्हणाले. "उपास-प्रार्थनेनं बरी होईल."

मी संमतीचा कागद उचलायला गेले, तर बाईंनी त्यावर हात ठेवला.

"सिस्टर, पेन द्या."

"मी न्हाय म्हणलोय!" पास्टरांचा आवाज चढला.

बाई कागदाकडंच बघत म्हणाल्या, "तुम्ही प्रार्थना करा. सही मी करते."

त्यांनी पूर्ण नाव लिहिलं. पास्टर तडक निघून गेले.

ऑपरेशन नीट झालं. चौथ्या दिवशी पास्टर आले आणि दारातच थांबले.

"रविवारी चर्चमध्ये मंडळीपुढं मी काय सांगू?"

"मी वाचले," बाई म्हणाल्या, "एवढं सांगा."