उकंडरावांची बैलाची पारख

चिलीम पेटवण्याआधी ती दोनदा झटकायचे. बोलताना माणसाच्या तोंडाकडे न पाहता त्याच्या बैलाकडे पाहायचे. परक्या जनावराच्या पाठीवरून आधी तळवा फिरवायचे, मग मालकाला रामराम. नकोसा प्रश्न आला की पागोटं सोडून पुन्हा बांधायचे.

जऊळक्याचे उकंडराव. वयाने माझ्या वडिलांएवढे, तरी मित्र. अंगावरचे केसांचे भोवरे पाहून बैल सुलक्षणी की घातकी ते सांगत. गाव त्यांना विचारल्याशिवाय बैल घेत नसे. सांगितलेलं खरं ठरलं की लोक वर्षभर बोलत. खोटं ठरलेलं कुणी काढत नसे. तेही काढत नसत.

त्यांच्या स्वतःच्या बैलाच्या पाठीवर नागीण होती. म्हणजे लांबट भोवरा, मालकाच्या घराला वाईट. घरच्या गाईचा गोऱ्हा म्हणून त्यांनी तो ठेवला होता. बैल गरीब. रेल्वेच्या फाटकाशी इंजिनाने शिट्टी दिली तरी रवंथ करत उभा राही.

छप्पन्नच्या उन्हाळ्यात त्यांच्या पत्नी, रुख्मिणीवहिनी, तापाने पडल्या. शेजारचे पुंजाजी ओट्यावरून म्हणाले, "साऱ्या गावाचे भोवरे पाह्यता, भाऊ. घरची नागीन दिसत नाही काय?"

उकंडरावांनी बैल विकायचं ठरवलं.

मी म्हणालो, "भाऊ, वहिनीचा ताप तर कालच उतरला. आता कायले इकता?"

"इकाचं ठरवलं म्हून उतरला ना! बुकं वाचून राह्यला तू. बैल वाचला काय कधी?"

बैल गेला. इंझोरीहून नवा आला. उंच, पांढरा, भोवरे जिथल्या तिथे. घेताना गाडीला जुंपून पाहिला का, मी विचारलं.

"लक्षणंच बोलून राह्यली. जुपून काय पाहू?"

इंझोरीला रेल्वे नाही.

त्याच आठवड्यात फाटकाशी शिट्टी झाली. नवा बैल उधळला, गाडी उलटली. उकंडराव चाकाखाली गेले. घरी आणेपर्यंत जीव राहिला नाही.

पुंजाजी डोळे पुसत म्हणाले, "पाह्यलं? इकल्यावरबी त्या नागिनीनं सोडलं नाही."

बसलेल्यांनी माना हलवल्या.  

नवा बैल उंच, म्हणून उकंडरावांनी गव्हाण वाढवायला घेतली होती. एक बाजू लिंपून झाली आहे. दुसरीकडे नुसत्या विटा रचलेल्या आहेत, आणि कालवून ठेवलेली माती वाळून भेगाळली आहे.