मध्यंतरानंतरचा बैल

वेणीमाधवांचं घराणं मूळचं त्र्यंबकेश्वरचं, उपाध्येपण करणारं. यजमानाने पळी उचलली की ती का उचलली हे त्याला सांगायचं, ही तिथली रीत. वेणीमाधवांनी पूजा कधी सांगितली नाही, पाटबंधारे खात्यात नोकरी केली; पण सांगण्याची खोड काही सुटली नाही. रिटायर झाल्यावर तिचा सगळा भार सिनेमावर आला. कॉलनीच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात दर महिन्याला त्यांचं रसग्रहण व्हायचं. त्यांच्या बायकोने, उत्तराने, तर गेल्या एकतीस वर्षांत एकही सिनेमा शांतपणे पाहिला नव्हता. पडद्यावर कुणी दार उघडलं की हे कानाशी लागत, "दार म्हणजे शक्यता."

त्या आठवड्यात जो तो ज्याच्याबद्दल बोलत होता, तो सिनेमा पाहायला दोघं गेली. तीन तासांचा, हिंदीत डब केलेला. अवकाशात अडकलेली एक मुलगी आणि उलटा धावणारा काळ. पहिल्या अर्ध्या भागात वेणीमाधवांना ओ की ठो कळलं नाही, म्हणून ते नेहमीपेक्षा दुप्पट बोलले. पुढच्या रांगेतल्या बाईने दोनदा वळून पाहिलं. उत्तराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला एवढंच जाणून घ्यायचं होतं, की ती मुलगी आईकडे परत येते की नाही.

मध्यंतरात वेणीमाधव समोसे आणायला गेले ते परत आलेच नाहीत. फोन लावावा तर बंद. सिनेमागृहात फोन बंद ठेवायचा हा त्यांचा नियम, आणि तो त्यांनी अख्ख्या रांगेला ऐकवला होता. उत्तरा शोधायला उठली, तेवढ्यात सिनेमा सुरू झाला आणि ती पुन्हा खाली बसली. पुढचा दीड तास ती नवऱ्याला चक्क विसरली. शेवटी पोटभर रडली. का रडावं हे तिला कुणी सांगितलं नाही.

वेणीमाधव बाहेर भेटले, हातात रिकामी कागदी डिश.

"अंधारात लोकांचे पाय कशाला तुडवा, म्हणून मागेच बसलो. पण बैल कसला वापरलाय बघ. काळाला वेसण घालता येत नाही, हेच सांगायचंय दिग्दर्शकाला."

सिनेमात बैल नव्हता. उत्तराने शेजारच्या स्क्रीनच्या दाराकडे पाहिलं. तिथल्या पोस्टरवर एका बैलाने गुंडाला शिंगांवर घेतलं होतं.

"अहो, तुम्ही बहुतेक..."

"तुझ्या एवढ्यात लक्षात यायचं नाही," ते म्हणाले. उत्तराने त्यांच्या हातातली डिश घेऊन कचऱ्याच्या डब्यात टाकली.

रविवार उजाडला. मंडळात त्याच सिनेमाचं रसग्रहण होतं. मंडळातल्या निम्म्या लोकांनी तो सिनेमा पाहिला होता. अध्यक्ष सोमनाथ सरांनी तर दोनदा. तसं त्या सगळ्यांनीच ग्रुपवर लिहिलं होतं. आज चाळीस माणसांत यांचं हसं होणार. कितीही राग आला तरी नवरा तो नवरा, म्हणून तिने जिन्यातच त्यांना अडवलं.

"आज बैलाचं बोलू नका."

"बैल सोडला तर त्या सिनेमात आहे काय?" वेणीमाधव म्हणाले आणि व्यासपीठावर जाऊन बसले.

ते चाळीस मिनिटं बोलले, त्यातली पंचवीस बैलावर. आता कुणीतरी उठेल म्हणून उत्तरा पदराचं टोक पिळत बसली. कुणी उठलं नाही. माना डोलत राहिल्या. काहींनी तर वह्यांत लिहून घेतलं. सोमनाथ सरांनी रुमाल काढला. "बैल येतो ना, तिथे मी दोन्ही वेळा रडलो," ते म्हणाले.

उत्तराची भीती तिथे संपली आणि संताप सुरू झाला. ती उभी राहिली.

"त्या सिनेमात बैल नाहीच. मध्यंतरानंतर हे चुकून शेजारच्या सिनेमात जाऊन बसले होते."

कुजबुज झाली. वेणीमाधव क्षमाशीलपणे हसले. "हिचा डोळा लागला होता." सुटका झाल्यासारखे सगळेच हसले.

"बरं वहिनी, मग शेवटी काय होतं?" सोमनाथ सरांनी थट्टेने विचारलं.

"तुम्ही दोनदा पाहिलाय ना सर. तुम्हीच सांगा."

सरांनी वेणीमाधवांकडे पाहिलं. वेणीमाधवांनी पाण्याच्या ग्लासकडे. वह्या हळूहळू मिटल्या. उत्तरा उभीच होती, घाई नसल्यासारखी. शेवटी चिटणीस उठले आणि त्यांनी आभारप्रदर्शन वेळेआधीच उरकून टाकलं.